लहान लॅपटॉप पुन्हापुन्हा मंद होतो: आधी नेमकं कुठे अडतंय ते पकडा

तक्रार साधारण अशी असते. विंडोजचा लॅपटॉप लहान आहे, ४ जीबी रॅम, फाइली साठवायला ६४ जीबी जागा, सेलेरॉन किंवा तत्सम प्रोसेसर. सगळं साफसूफ केलं की दोनचार दिवस बरा चालतो. मग पुन्हा तेच. ब्राउझर उघडायला वेळ, टाइप केलेली अक्षरं उशिरा उमटणं, माउसचा बाण मधेच थबकणं. मग कोणीतरी सांगतं म्हणून एखादं क्लीनर टाकलं जातं आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

असा लॅपटॉप मोठ्या लॅपटॉपसारखा पळणार नाही, हे खरंच आहे. पण लिहिणं, वाचणं, ऑनलाइन फॉर्म भरणं, वर्ग किंवा मीटिंग, व्हिडिओ पाहणं एवढ्याला तो पुरायला हवा आणि पुरतोही. अडचण अशी की मंदपणा बाहेरून एकसारखा दिसला तरी आत त्याची तीनचार वेगवेगळी कारणं असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून उपायांची यादी वरून खाली करत सुटण्याआधी, लॅपटॉप अडकलेला असतानाच त्याला पकडायचं.

अडकलेला असताना काय पाहायचं

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. लॅपटॉप मंद असताना तो उघडायलाही वेळ लागेल, पण थांबा. ताजा सुरू केलेला, रिकामा लॅपटॉप तपासून काही कळत नाही. त्रास होतोय तेव्हाचेच आकडे उपयोगाचे.

परफॉर्मन्सच्या पानावर डावीकडे सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क दिसतात. बहुतेकांना तिथे डिस्क १०० टक्के दिसते आणि ते डिस्कच्या मागे लागतात. चूक इथेच होते. ४ जीबीच्या लॅपटॉपवर डिस्क १०० टक्के असणं हे बऱ्याचदा दुखणं नसतं, दुखण्याचं लक्षण असतं. खरी टंचाई रॅमची असते आणि भोगते डिस्क.

असं का होतं ते पाहू. रॅम भरली की विंडोज आधी आतला मजकूर दाबून लहान करून पाहतं. त्यानेही भागलं नाही की सध्या न लागणारा भाग उचलून डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ठेवतं. तुम्ही मागच्या टॅबवर परत गेलात की तो भाग पुन्हा रॅममध्ये आणायचा, त्यासाठी दुसरं काहीतरी बाहेर काढायचं. ओट्यावर जागाच नाही म्हणून प्रत्येक भांडं माळ्यावर चढवायचं आणि लागलं की पुन्हा उतरवायचं, अशी गत. त्यातून या लॅपटॉपमधला माळाही अवघड: डिस्कच्या जागी बोर्डावरच बसवलेली ईएमएमसी नावाची साठवणीची चिप. ईएमएमसी ५.१ची कागदावरची कमाल गती सेकंदाला ४०० एमबी आहे, साध्या साटा एसएसडीची, म्हणजे चिपांवर चालणाऱ्या वेगळ्या डिस्कची, ५५०च्या आसपास जाते. शिवाय ईएमएमसी एका वेळी वाचू तरी शकते किंवा लिहू तरी, दोन्ही एकदम नाही. पेजफाइलच्या कामात नेमकं दोन्ही एकदम लागतं.

ही साखळी तुमच्याकडे आहे का, हे ओळखायला दोन जागा आहेत. पहिली, टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘कमिटेड’ असं लिहून खाली दोन आकडे दिसतात, समजा ६.१/८.२ जीबी. पहिला म्हणजे चालू प्रोग्रॅमांनी मिळून मागितलेली मेमरी, दुसरा म्हणजे रॅम आणि पेजफाइल मिळून देता येईल ती. रॅम ४ जीबी आणि मागणी ६च्या वर असेल तर उत्तर बहुधा तिथेच मिळालं. दुसरी जागा रिसोर्स मॉनिटर. स्टार्टमध्ये नाव टाइप केलं की सापडतो. त्यात मेमरीच्या पानावर ‘हार्ड फॉल्ट्स’ नावाचा रकाना आहे. हवा तो भाग रॅममध्ये सापडला नाही म्हणून डिस्कवरून आणावा लागला, असं सेकंदाला किती वेळा झालं ते तो दाखवतो. प्रोग्रॅम उघडताना तो थोडा वेळ वर जाणारच, त्याचं काही नाही. पण नुसता टॅब बदलल्यावर दर वेळी तो शेकड्यांत उसळत असेल आणि डिस्कच्या पानावर पेजफाइलचं नाव वरच्या ओळींत येत असेल, तर डिस्कला दोष देऊ नका.

रॅमचा प्रश्न असेल तर

मग सरळ ब्राउझरकडे जा. लहान लॅपटॉपवर रॅम खाणारा पहिल्या क्रमांकाचा प्रोग्रॅम जवळपास नेहमी तोच असतो, आणि नुसतं ‘टॅब कमी ठेवा’ सांगून कुणाचं भागत नाही. कोणता टॅब किती खातो ते पाहा. क्रोम आणि एजमध्ये शिफ्ट धरून एस्केप दाबलं की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, फायरफॉक्समध्ये तो ‘मोअर टूल्स’खाली आहे. मेमरीच्या रकान्यावर टिचकी मारून उतरत्या क्रमाने लावा. साध्या मजकुराचा टॅब आणि मेल, ऑनलाइन शीट किंवा सोशल मीडियाचा टॅब यांत केवढा फरक असतो ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की काय बंद ठेवायचं हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्याच यादीत एक्सटेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, हेही स्वतंत्र ओळीत दिसतात. कधीकाळी टाकलेलं कूपन शोधणारं, स्क्रीनशॉट काढणारं, व्याकरण तपासणारं काहीबाही तिथे बसलेलं असतं. व्याकरणवाली तर प्रत्येक पानात शिरतात. ती काढा. आणि इथेच ‘पुन्हा का मंद झाला’ याचं एक उत्तर आहे: ब्राउझरमध्ये खात्याने सिंक चालू असेल तर दुसऱ्या संगणकावर टाकलेली एक्सटेन्शन्स आपोआप या लॅपटॉपवरही येतात. ऑफिसच्या दणकट संगणकावर सहज टाकलेलं ओझं घरच्या लहानग्यावर पडतं. सिंकच्या सेटिंगमध्ये पासवर्ड आणि बुकमार्क चालू ठेवून एक्सटेन्शन्स तेवढी बंद करता येतात.

एक एक्सटेन्शन मात्र ठेवाच: जाहिराती अडवणारं. बऱ्याच पानांवर मोठा भार जाहिरातींचा आणि माग काढणाऱ्या स्क्रिप्टांचा असतो. फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन पूर्ण चालतं. क्रोमवर आता त्याची लाइट आवृत्ती मिळते, तीही पुरते.

त्यानंतर क्रोममध्ये मेमरी सेव्हर आणि एजमध्ये स्लीपिंग टॅब्ज चालू करा, न वापरलेले टॅब झोपवण्याची वेळ कमीत कमी ठेवा. आणि दोन्हीत सिस्टिमच्या सेटिंगमध्ये ‘ब्राउझर बंद केल्यावरही पार्श्वभूमीत चालू ठेवा’ अशा अर्थाचा पर्याय असतो, तो बंद करा. एजमध्ये जोडीला ‘स्टार्टअप बूस्ट’ असतो. ८ जीबीवर तो सोयीचा, ४ जीबीवर न वापरताच जागा अडवणारा.

ब्राउझरनंतर स्टार्टअप अॅप्स. टास्क मॅनेजरमध्येच त्यांचं पान आहे. चॅट, मीटिंग, गाणी, गेम लाँचर, प्रिंटरचा मदतनीस, लॅपटॉप कंपनीने दिलेले दोनतीन प्रोग्रॅम, यांतलं काहीही सुरुवातीलाच चालू असायची गरज नसते. बंद केलं म्हणजे प्रोग्रॅम जात नाही, हवा तेव्हा उघडता येतोच. मात्र काही प्रोग्रॅम अपडेट झाल्यावर स्वतःची नोंद पुन्हा चालू करतात. म्हणून ही यादी अधूनमधून पाहावी लागते. हट्टी प्रोग्रॅम असेल तर त्याच्या स्वतःच्या सेटिंगमधूनही ‘सुरुवातीला उघडा’ काढून टाका.

दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. विंडोजचा डिफेंडर घरगुती वापराला पुरतो, आणि लॅपटॉपबरोबर आलेली, मुदत संपून नुसती आठवणी पाठवत बसलेली आवृत्ती काढली की तो आपोआप कामाला लागतो.

रॅम वाढवता येते का? टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘फॉर्म फॅक्टर’ पाहा. तिथे ‘एसओडीआयएमएम’ असेल तर पट्टी बदलता येण्याजोगी आहे. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे. सोल्डर केलेल्या रॅमच्या जोडीला एखादा रिकामा स्लॉटही असू शकतो, म्हणून मॉडेलचं नाव टाकून कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल पाहून घ्या. प्रोसेसरचीही मर्यादा असते: सेलेरॉन एन४०२०ला इंटेल अधिकृतपणे ८ जीबीपर्यंतच रॅम देते. पण ४चे ८ झाले तर वर लिहिलेल्या निम्म्याअधिक खटपटी करायची गरजच उरत नाही. पैसे खर्चायचेच असतील आणि स्लॉट असेल तर ते इथे खर्चावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

बंद करूनही बंद न होणारा लॅपटॉप

ही गोष्ट छोटी, पण हिने अनेकांना चकवलं आहे. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर ‘अप टाइम’ पाहा. रोज रात्री शटडाउन करणाऱ्यालाही तिथे पंधरावीस दिवस दिसू शकतात. कारण ‘फास्ट स्टार्टअप’. त्यात शटडाउन केल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) जसेच्या तसे डिस्कवर जतन होऊन दुसऱ्या दिवशी परत उचलले जातात. एखादा ड्रायव्हर घेतलेली मेमरी परत सोडत नसेल, म्हणजे मेमरी गळत असेल, तर ती गळती दिवसागणिक साठत जाते. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळं खरंच नव्याने सुरू होतं. ‘शटडाउनने फरक पडत नाही, रीस्टार्टने पडतो’ हा अनुभव येतो तो यामुळे.

कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात पॉवर बटणाने काय व्हावं तो दुवा, आणि तिथे ‘सध्या उपलब्ध नसलेली सेटिंग्ज बदला’ दाबल्यावर फास्ट स्टार्टअपची खूण काढता येते. सुरू व्हायला थोडे सेकंद जास्त लागतील. चालेल तेवढं.

जागा संपत आली असेल तर

६४ जीबीचा लॅपटॉप विंडोजमध्ये ५८-५९ जीबीच दाखवतो, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या. त्यात विंडोज, त्याचे अपडेट, पेजफाइल, हायबरनेशनची फाइल. तुमच्या वाट्याला उरतं थोडं. आणि ते भरलं की नुसती जागेची अडचण होत नाही, वेगही जातो. फ्लॅश चिपमध्ये जुन्या नोंदीवर थेट नवी लिहिता येत नाही, आधी पूर्ण ब्लॉक पुसावा लागतो. मोकळे ब्लॉक हाताशी असले तर लिहिणं झटपट होतं. नसले तर चिपचा कंट्रोलर आधी इकडचं तिकडे हलवून जागा करतो, मग लिहितो. तेवढा वेळ तुम्ही थिजलेल्या पडद्याकडे पाहत बसता. शक्यतो १०-१२ जीबी मोकळी ठेवा.

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज, मग टेम्पररी फाइल्स. मोठं अपडेट झाल्यावर मागची विंडोज तिथेच पडून असते. ती १० दिवसांनी आपोआप जाते, पण नवीन नीट चालत असेल तर आधीच काढायला हरकत नाही. मात्र काढल्यावर मागे जाता येत नाही. ‘डाउनलोड्स’च्या पुढे खूण करण्याआधी त्या फोल्डरमध्ये काय आहे ते बघून घ्या. घाईत तिथेच लोकांची कागदपत्रं जातात. वनड्राइव्ह वापरत असाल तर फोल्डरवर उजवी टिचकी मारून ‘फ्री अप स्पेस’ निवडा, फाइल ढगात (इंटरनेटवरच्या साठ्यात) राहते आणि लॅपटॉपवर नुसतं नाव. चॅटच्या डेस्कटॉप अॅपमध्ये आपोआप डाउनलोड होणारे फोटो आणि व्हिडिओ हा जागा पुन्हा भरण्याचा सर्वांत शांत मार्ग आहे. ते डाउनलोड सेटिंगमधूनच बंद करा. स्टोरेज सेन्स चालू ठेवलं की बाकीचा किरकोळ कचरा तेच उचलत राहतं.

मायक्रोएसडी कार्डाची खाच असेल तर फोटो, पीडीएफ, गाणी कार्डावर न्या. प्रोग्रॅम मात्र नेऊ नका, कार्ड त्या कामाला ईएमएमसीहूनही संथ असतं.

जुन्या लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असेल तर प्रकरण सोपं आहे. एसएसडी बसवा. सीपीयू तोच, रॅम तीच, तरी लॅपटॉप ओळखू येणार नाही, कारण विखुरलेल्या लहान लहान फाइली वाचताना हार्ड डिस्कचं डोकं जागोजागी सरकत राहतं आणि एसएसडीत सरकायला काहीच नसतं. काही ईएमएमसीवाल्या लॅपटॉपमध्येही तळाशी एसएसडी बसवायचा रिकामा एम.२ स्लॉट असतो. घेण्याआधी तो साटा जोडणीचा आहे की एनव्हीएमई जोडणीचा, आणि लांबी किती बसते, एवढं मॅन्युअलमध्ये नक्की पाहा.

प्रोसेसर अडत असेल तर

मेमरीत जागा आहे, डिस्क शांत आहे, पण सीपीयू १००ला टेकलाय. आधी त्याच पानावरचा ‘स्पीड’ पाहा. एन४०२०चा मूळ वेग १.१ गिगाहर्ट्झ आणि उसळी २.८पर्यंत. काम चालू असताना आकडा २च्या वर असेल तर बिचारा जीव तोडून काम करतोय. मूळ वेगाच्याही खाली अडकून बसला असेल तर कोणीतरी त्याचा गळा धरलाय.

गळा धरणारी दोन कारणं नेहमीची. एक उष्णता. या वर्गातले बरेच लॅपटॉप पंख्याशिवाय असतात, ६ वॅटची उष्णता तळाच्या पत्र्यातून आणि हवेतून जाते. गादीवर किंवा उशीवर ठेवला की तो रस्ता बंद. टणक, सपाट जागेवर ठेवून पंधरा मिनिटांनी वेग पुन्हा पाहा. पंखा असलेल्यात जाळीतली धूळ काढा. दुसरं कारण चार्जर. काही लॅपटॉप मूळचा चार्जर ओळखता आला नाही किंवा कमी ताकदीचा लावला तर प्रोसेसर मुद्दाम अगदी खालच्या वेगावर ठेवतात. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर वेग वाढला, तर संशय चार्जरवर किंवा त्याच्या पिनवर घ्या. सेटिंग्जमधला पॉवर मोडही ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर आहे ना, ते बघून टाका.

व्हिडिओचं वेगळं आहे. एन४०२०च्या चिपमध्ये एच.२६४, एचईव्हीसी आणि व्हीपी९ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धती उलगडण्याची स्वतंत्र यंत्रणा आहे, एव्ही१साठी नाही. एव्ही१मधला व्हिडिओ आला की सगळा भार प्रोसेसरच्या दोन गाभ्यांवर (कोअर) पडतो आणि चित्र अडखळतं. यूट्यूबच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये एव्ही१साठीचा पर्याय आहे, तिथे तो फक्त कमी रिझोल्यूशनपुरता ठेवता येतो. ब्राउझरमध्ये हार्डवेअर अॅक्सिलरेशन, म्हणजे हे काम त्या यंत्रणेवर सोपवण्याचं सेटिंग, चालू असायलाच हवं. ‘वेग वाढवा’ छापाच्या सल्ल्यांत ते बंद करायला सांगतात, या लॅपटॉपवर तो सल्ला उलटा पडतो. मीटिंगमध्ये सगळ्यांच्या चौकटी दाखवण्याऐवजी बोलणाऱ्याचीच दाखवा आणि पार्श्वभूमी धूसर करू नका. तो धूसरपणा व्हिडिओच्या प्रत्येक चित्रात माणूस कुठे संपतो ते शोधून काढल्यावर मिळतो, आणि लहान प्रोसेसरला ते फार जड जातं.

काय करू नका

रॅम बूस्टर नको. ते सगळ्या प्रोग्रॅमांना रॅममधून पेजफाइलकडे ढकलून मोकळी जागा दाखवतात, मग तेच सगळं परत आणताना लॅपटॉप आणखी अडतो. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांची आतली नोंदवही) साफ करणाऱ्या क्लीनरने वेग वाढत नाही, बिघाड मात्र होऊ शकतो. पेजफाइल बंद करू नका, ४ जीबीवर प्रोग्रॅम न सांगता बंद पडू लागतील. ईएमएमसी किंवा एसएसडी बाहेरच्या साधनाने डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) करू नका, विंडोज तिची निगा स्वतः राखतं. अॅनिमेशन आणि पारदर्शकता बंद करायला हरकत नाही, पण त्यातून फार मिळेल अशी आशा ठेवू नका.

विंडोजच जड होत असेल तर

विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ची किमान अट ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) अशी आहे. म्हणजे आपला लॅपटॉप बसला तरी उंबरठ्यावरच बसतो. जुन्या यंत्रांसाठी विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टिम, तिच्यातली लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू, हा चांगला रस्ता आहे. पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता चालवून बघा: वायफाय, आवाज, उजेड कमीजास्त होणं, झाकण मिटल्यावर झोपणं, ही चार कामं तिथे तपासली की निर्णय घेता येतो. एक समजून घ्या. लिनक्समुळे रिकाम्या लॅपटॉपवर रॅम बरीच मोकळी राहते, पण जड वेबपान तिथेही तेवढंच जड असतं. ब्राउझरची शिस्त सुटत नाही.

२ जीबी रॅम आणि ३२ जीबी जागेच्या जुन्या, अॅटम प्रोसेसरच्या लॅपटॉपांत एक अडथळा येतो. प्रोसेसर ६४ बिटचा, पण फर्मवेअर (लॅपटॉप सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम, यूईएफआय) ३२ बिटचं, त्यामुळे नेहमीचा पेनड्राइव्ह बूटच होत नाही. अशा वेळी ३२ बिट यूईएफआय चालणारी इमेज शोधावी लागते.

हे सगळं करूनही

एक चित्र मात्र वेगळं ओळखा. मेमरी मोकळी, हार्ड फॉल्ट्स नगण्य, जागा भरपूर, आणि तरी डिस्क १०० टक्के. त्याच पानावर वाचन-लेखनाचा वेग पाहावा तर जेमतेम काही केबी, आणि ‘अॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ हजारो मिलिसेकंद. विंडोज काही मागतंय आणि चिप उत्तरच देत नाही, असा त्याचा अर्थ. फाइल कॉपी होताना मधेच अडणं, रीस्टार्टनंतर डिस्क तपासणी आपोआप सुरू होणं, हेही जोडीला असेल तर ती डिस्क किंवा चिप थकलेली आहे. ईएमएमसी बोर्डावर सोल्डर केलेली असल्याने नुसती बदलता येत नाही, आणि ती पूर्ण गेली तर आतलं परत मिळवणं महाग आणि बेभरवशाचं. तेव्हा कोणताही उपाय करून बघण्याआधी कामाच्या फाइली पेनड्राइव्हवर किंवा ढगात काढून घ्या. विंडोज पुन्हा टाकून बघणं वगैरे त्यानंतर.